जेफरसनच्या पात्याने काय कापलं, काय ठेवलं

‘अमेरिकेचा पाया ख्रिश्चन आहे का?’ हा वाद निवडणूक जवळ आली की तुमच्या कानावर पडतोच. उत्तरं दोन, आणि दोन्ही तयार. एक गट म्हणतो, संस्थापक श्रद्धाळू होते, म्हणून देश ख्रिश्चन. दुसरा म्हणतो, त्यांना धर्माशी काही देणंघेणंच नव्हतं. ही दोन्ही उत्तरं कुठे कमी पडतात ते बघायचं असेल, तर थॉमस जेफरसनने केलेलं ‘येशूचं जीवन आणि नीती’ हे छोटं पुस्तक उघडा.

हे पुस्तक लिहिलेलं नाही, कापून चिकटवलेलं आहे. १८२०च्या सुमारास, सत्तरी ओलांडलेल्या या माजी राष्ट्राध्यक्षाने ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी बायबलच्या प्रती घेतल्या, धारदार पात्याने शुभवर्तमानांतले उतारे कापले आणि चारही भाषा शेजारी शेजारी लावल्या. चमत्कार गेले, पुनरुत्थान गेलं. दाखले आणि डोंगरावरचं प्रवचन राहिलं. कथा संपते ती कबरीच्या तोंडाशी दगड लोटला जातो तिथे.

निस्सीम भक्त धर्मग्रंथाला असं पातं लावणार नाही. आणि धर्माशी घेणंदेणं नसलेला माणूस म्हातारपणी चार भाषांत हा खटाटोप करणार नाही. जेफरसन ख्रिस्ती परंपरेच्या आत बसून तिच्याशी भांडतोय. महत्त्वाचं म्हणजे हे पुस्तक त्याने छापलं नाही. स्वतःच्या वाचनापुरतं ठेवलं. १८००च्या निवडणुकीत विरोधकांनी त्याला नास्तिक ठरवलं होतं, तो अनुभव पाठीशी होताच. पण माणसाची श्रद्धा हा सरकारचा विषय नाही, हे त्याचं तत्त्वही होतं.

ते तत्त्व कायद्यात कसं उतरलं? १७७६च्या जाहीरनाम्यात ‘निर्माता’ आहे, येशू नाही. १७८७च्या संविधानाचं सहावं कलम सांगतं की संघराज्याच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. १७९१च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला अधिकृत धर्म स्थापायला मनाई केली. ही बंधनं तेव्हा फक्त केंद्रावर होती, हेही लक्षात ठेवा. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर घेण्याची पद्धत १८३३पर्यंत चालली.

आणि या तत्त्वासाठी जोर लावला कोणी? व्हर्जिनियात अँग्लिकन चर्चला सरकारी मान्यता होती, तेव्हा परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट धर्मोपदेशक तुरुंगात गेले होते. १७८६चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा जेफरसनने लिहिला, मॅडिसनने मंजूर करून घेतला, पण त्यामागे अशा कट्टर श्रद्धाळूंचं बळ होतं. देशाच्या पायाभरणीत ख्रिश्चन धर्म आहे, पण घरमालक म्हणून नव्हे, तर फिर्यादी म्हणून. सरकारने आमच्या देवळात येऊ नये, ही ती फिर्याद.

आता पुस्तकातली मोठी उणीव. दुसऱ्याशी आपल्यासारखं वागा, ही शिकवण जेफरसनने जपून चिकटवली. त्याच माणसाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. पातं चमत्कारांवर चाललं, स्वतःच्या मळ्यावर चाललं नाही. ते काम गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने केलं. १८४५च्या आत्मकथनात त्याने ख्रिस्ताचा धर्म आणि गुलाममालकांचा धर्म उभे चिरून वेगळे केले.

ही निवड आपल्याकडेही झाली आहे. जोतिराव फुले मिशनरी शाळेत शिकले आणि बायबलवर कडाडून टीका करणारा थॉमस पेनही त्यांनी वाचला. १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. त्यांचा ‘निर्मिक’ कुठल्याच धर्माच्या मालकीचा नव्हता.

म्हणून तुम्ही हिंदू असा, बौद्ध, मुस्लिम, मराठी ख्रिस्ती किंवा काहीच नसा, हा वाद तुमचाही आहे. ‘हा देश ख्रिश्चनांचा’ हे वाक्य परदेशात तुम्हाला टोचत असेल, तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तो देश अमुकांचा’ असं कोणी लिहील तेव्हा तोच निकष लावून बघा. तिथे आपलं पातं बोथट होत असेल, तर जेफरसनला नावं ठेवण्याचा हक्क आपल्याला कितपत उरतो?