‘सर्व ऋतूंत वापरता येणारी शाळा’ : धाराशिव जिल्ह्यातील शालेय इमारती आणि हिवाळ्यातील उबेचा प्रश्न – एक चिकित्सा

प्रस्तावना :

शालेय इमारतींच्या उष्णतामानाचा विचार मराठवाड्यात बहुधा उन्हाळ्यापुरताच केला जातो. अवर्षणप्रवण प्रदेशात ते स्वाभाविकही आहे. तथापि बालाघाटच्या डोंगररांगांत व पठारावर वसलेल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान कधी कधी १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते आणि दुपारी ते ३० अंशांच्या आसपास पोहोचते. थंडीच्या तीव्रतेपेक्षा एकाच दिवसातील ही तफावत हे येथील हिवाळ्याचे खरे वैशिष्ट्य होय. शालेय इमारतींच्या निकषांत या तफावतीला स्थान मिळालेले नाही. परिणामी ऊब आणि ऊर्जाबचत हे दोन्ही प्रश्न दुर्लक्षित राहिले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. निकषांचे वाचन :

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येण्याजोगी असावी, अशी अट आहे. त्यापुढे प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण अशी यादी येते. यादीतील प्रत्येक बाब मोजता येते. ‘सर्व ऋतू’ ही अट मात्र मोजमापाविना राहिली. व्यवहारात तिचा अर्थ ‘पावसात न गळणारी’ एवढाच उरला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात उस्मानाबादचा समावेश झाला, तेव्हाही शाळेच्या भौतिक सुविधांचे निर्देशक स्वच्छतागृह, पाणी व वीज यांभोवतीच फिरत राहिले. जे मोजले जाते तेच बांधले जाते, हा प्रशासनाचा अलिखित नियम येथेही प्रत्ययास येतो.

ऊर्जेविषयीच्या नियमांची स्थिती याहून निराळी नाही. २०१७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या व्यापारी स्वरूपाच्या इमारतींचा विचार करते. काही नळ्या व पंखे एवढाच जोडभार असलेली जिल्हा परिषदेची शाळा त्या कक्षेत येतच नाही. थोडक्यात, शिक्षणाचा कायदा तापमान पाहत नाही आणि ऊर्जेची संहिता खेड्यातील शाळा पाहत नाही.

२. भूकंप आणि बदललेली भिंत :

या जिल्ह्यातील पारंपरिक बांधकाम म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर दिलेले माळवद. दिवसाची उष्णता अशा भिंतीत आणि माळवदात मुरत असे व रात्री सावकाश आत झिरपत असे. हिवाळ्यातील ऊब आणि उन्हाळ्यातील गारवा ही दोन्ही या जाडीचीच देणगी होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने ही जाडी जीवघेणी ठरवली. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांना सर्वाधिक तडाखा बसला. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेले दगड आणि वजनदार माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली व हजारोंचा बळी गेला. त्यानंतर दगडाच्या भिंतीविषयी लोकमानसात जी भीती बसली, ती सर्वस्वी सकारण होती. पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटला दिलेले प्राधान्यही त्यामुळे समर्थनीयच म्हणावे लागते. म्हणून जुन्या वाड्यांचे गौरवीकरण करून ‘पुन्हा मातीकडे’ असा उपदेश या जिल्ह्याला करणे हे केवळ भाबडेपणाचे नव्हे, तर बेजबाबदारपणाचे ठरेल.

मात्र टीकेला जागा उरते ती वेगळ्या ठिकाणी. जाड भिंत दोन कामे करीत होती. ती छप्पर पेलत होती आणि तापमान सांभाळत होती. पहिल्या कामासाठी अभियांत्रिकीने अधिक सुरक्षित पर्याय दिला. दुसऱ्या कामासाठी कोणता पर्याय द्यावयाचा, हा प्रश्न मानक आराखड्यांत सहसा उपस्थितच झाला नाही.

३. पत्रा, स्लॅब आणि झडप :

पत्र्याला जाडी नाही आणि उष्णता साठविण्याची क्षमताही नगण्य आहे. निरभ्र रात्री तो बाहेरच्या हवेहूनही थंड होतो, म्हणूनच पहाटे त्यावर दव दिसते. सकाळी आठला गारठलेली पत्र्याची खोली दुपारी दोनला तापलेली असते. काँक्रीटचा १०-१२ सेंटिमीटरचा स्लॅब काही तासांचा विलंब घडवितो. परंतु रात्रभराची थंडी अडविण्यास तो अपुरा पडतो. त्यातच मुले फरशीवर केवळ बसकर पट्टी अंथरून बसत असतील, तर खालूनही थंडी लागते.

वारा अडविण्यासाठी लोखंडी झडपा लावून घेतल्या की खोलीत अंधार होतो आणि भर दिवसा दिवे लावावे लागतात. हवाही कोंडते. बंद वर्गातील हवेच्या दूषिततेकडे जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच लक्ष वेधले होते. येथे हीटर नसल्याने ऊर्जेचा प्रश्नच नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही. ऊब, उजेड व हवा यांतील एकच निवडावयास लावणारी खिडकी ही सदोष रचनाच होय.

४. थंडीचा भार कोणावर?

दहाच्या सुमारास भरणाऱ्या शाळेत थंडी बरीच ओसरलेली असते, हा आक्षेप रास्त आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. त्यामागे मुलांच्या झोपेचा विचार असला, तरी थंडीच्या दृष्टीनेही तो उपकारक आहे. परंतु सकाळच्या सत्रातील वरचे वर्ग आणि निवासी विद्यार्थी त्याबाहेर राहतात. भूम, वाशी, कळंब या पट्ट्यातील ऊसतोड कुटुंबांचे स्थलांतर ऐन हिवाळ्यात होते आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविली गेली आहे. आश्रमशाळेत किंवा अशा वसतिगृहात जेथे मूल शाळेच्या खोलीतच रात्र काढते, तेथे इमारतीची ऊब हा सोयीचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न बनतो.

५. उसने उपाय आणि स्थानिक शक्यता :

थंड देशांतील हवाबंद व तापविलेली शाळा येथे अनुकरणीय नाही. लडाखमध्ये लेहजवळील ‘सेकमॉल’ या संस्थेच्या दक्षिणाभिमुख, मातीच्या इमारती सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहतात. मात्र तेथून तंत्र नव्हे, तत्त्व घ्यावयाचे आहे. धाराशिव सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य येथे दक्षिणेस सुमारे ४८ अंशांवर, तर मेच्या मध्यास थेट माथ्यावर असतो. दक्षिणेच्या १२० सेंटिमीटर उंच खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर डिसेंबरात त्याची सावली सुमारे ६८ सेंटिमीटर उतरते व उरलेल्या भागातून ऊन आत येते. मार्चअखेर मात्र संपूर्ण खिडकी सावलीत जाते. यासाठी अतिरिक्त खर्च नाही. हवी ती आराखड्यातील दिशेची जाणीव.

याखेरीज पत्र्याखाली हलके आच्छादन, झडपांऐवजी काचेची तावदाने आणि हवेसाठी वरच्या बाजूस लहान झरोके हे उपाय वजन न वाढविता करता येतात. स्लॅबवरील विटांच्या तुकड्यांचा कोबा उपयुक्त असला, तरी भूकंपप्रवण भागात वाढीव भाराची तपासणी झाल्याशिवाय तो करू नये. थंडीत वर्ग पटांगणातील कोवळ्या उन्हात भरविण्याची शिक्षकांची रीत शहाणपणाची आहे. पण ती इमारतीच्या अपयशाचीही नोंद आहे.

समारोप :

१९९३ नंतर या जिल्ह्याने सुरक्षित भिंत मिळविली, ही मोठी उपलब्धी होय. तिची पुढची पायरी म्हणजे सुरक्षितता व ऊब यांना परस्परविरोधी न मानणे. त्यासाठी कायद्यातील ‘सर्व ऋतू’ या अटीला तापमान, दिशा व वायुवीजन यांचे मोजता येणारे निकष जोडले जाणे आवश्यक आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल व भौतिकशास्त्र विभागांनी परिसरातील शाळांत साध्या तापमापकाने हिवाळाभर नोंदी ठेवल्या, तर अशा निकषांना स्थानिक आधार लाभेल. पावसाला अडविणारे छप्पर ही शालेय इमारतीची किमान पात्रता आहे. तेवढ्यावर तिला सर्व ऋतूंची शाळा म्हणता येणार नाही.