दोनशे गुणांचा विषय

बारावीच्या निकालाच्या दिवशी भाची पेढे घेऊन आली. "मामा, कॉम्प्युटरला दोनशेपैकी १९२!" पुढे अभियांत्रिकी प्रवेशाचे दिवस आले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिला संगणक शाखाच हवी होती, तीही नाशिकमध्ये. सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये ते बसत नव्हते. त्या १९२ गुणांचे काय, असे मी विचारले. "ते धरत नाहीत," ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मग मी मराठी कशाला सोडलं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी कुठे शिकवत नाही. संगणकही चाळिशीनंतर पुस्तके पुढ्यात ठेवून शिकलो. पण अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि प्रवेशाचे नियम ही कोणालाही वाचता येणारी कागदपत्रे आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर शाळेतला संगणक विद्यापीठाच्या दारात मोजावा की नाही, या वादाची खरी गाठ सापडते.

दारापर्यंत, आत नाही

अकरावी-बारावी विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय आहे. दोन पेपर, प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिक, एकूण २००. तो घेणाऱ्याला दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो. म्हणजे बहुधा मराठी आणि जीवशास्त्र जातात. भाषा म्हणून इंग्रजी तेवढी उरते. साहित्याच्या वाचकाने या अदलाबदलीकडे लक्ष द्यायला हवे. मराठीच्या वर्गातले एक बाक इथे रिकामे होते.

एवढी किंमत देऊन घेतलेला विषय पुढे कुठे लागतो? अभियांत्रिकीच्या पात्रतेत भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या जोडीला तिसरा विषय म्हणून रसायनाऐवजी संगणकही चालतो. पण गुणवत्ता यादी लागते सीईटीवर. ती २०० गुणांची : गणित १००, भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५०. पात्रतेसाठी रसायनाच्या जागी संगणक दाखवणाऱ्यालाही सीईटीत रसायनच सोडवावे लागते. संगणक विद्यार्थ्याला दारापर्यंत आणतो, आत मात्र कोणी त्याची विचारपूस करत नाही.

बीसीएची गोष्ट थोडी वेगळी. २०२४ पासून बीसीए-बीबीए प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा सुरू झाली. तिच्या १०० प्रश्नांत इंग्रजीचे ४०, तर्कक्षमतेचे ३०, सामान्यज्ञानाचे १५ आणि संगणकाच्या प्राथमिक माहितीचे १५. संगणकाच्या पदवीसाठी संगणकाला सामान्यज्ञानाइतकेच वजन! तेही प्राथमिक माहितीपुरते.

प्रश्नपत्रिका वाचताना

तरीही 'हे १९२ गुण धरा' असे मी लगेच म्हणणार नाही. अभ्यासक्रम उघडून पाहावा. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++ आणि एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ हा सत्तरच्या दशकातला मायक्रोप्रोसेसर, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. जुने म्हणून हे टाकाऊ ठरत नाही. ८०८५ नीट समजला, तर यंत्र आज्ञा कशी पाळते ते कायमचे समजते. बायनरी सर्च समजला, तर विचारांना शिस्त लागते.

अडचण विचारण्याच्या पद्धतीत आहे. 'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'वैशिष्ट्ये सांगा' हे प्रश्न पाठांतराला बोलावतात. 'प्रोग्रॅम लिहा' हा खरा प्रश्न. पण ठरावीक प्रोग्रॅम वर्षानुवर्षे फिरत राहिले की तेही पाठच होतात. शिवाय ते लिहायचे कागदावर, जिथे चूक झाली तरी यंत्र अडत नाही. भाची सांगत होती, प्रात्यक्षिकात जर्नलमधलाच प्रोग्रॅम आला आणि वर्गात बहुतेकांना पैकीच्या पैकी मिळाले. जो गुण सर्वांनाच मिळतो, तो निवडीच्या कामाचा राहत नाही.

म्हणून काही प्राध्यापक म्हणतात की संगणकशास्त्राचा पाया गणितात आहे, तेवढे तपासा, बाकी आम्ही शिकवू. त्यांचे म्हणणे आज खोटे नाही. पण आपणच विषय पोकळ ठेवायचा आणि पोकळ आहे म्हणून मोजायचा नाही, हे चक्र कुठेतरी तोडावे लागेल.

मोजल्याने काय होते?

याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी आले. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता लागू लागली, तशी तालुक्या-तालुक्यांत केंद्रे उघडली. मराठीतून संगणक शिकवला गेला. ज्यांनी माउस हातात धरला नव्हता ते लोक पत्र टाइप करू लागले. 'मोजले जाते' हे कळल्याशिवाय हे घडले नसते. पण त्याच मोजण्यामुळे अनेकांसाठी तो अभ्यासक्रम प्रमाणपत्रापुरता झाला. मोजणे विषय पसरवते. खोली मात्र परीक्षेच्या दर्जावर ठरते.

इंग्लंडने आधी विषय दुरुस्त केला. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने अहवाल दिला. शाळेतले आयसीटी तयार सॉफ्टवेअर वापरण्यापुरते उरल्याची टीका तिथे होत होती. सप्टेंबर २०१४ पासून त्या जागी 'कॉम्प्युटिंग' आले आणि प्राथमिक शाळेपासून प्रोग्रॅम लिहिणे सुरू झाले.

एक सूचना

आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र करता येतील. सीईटीला आजही भौतिक-रसायन-गणित आणि भौतिक-रसायन-जीवशास्त्र असे गट आहेत. संगणकाशी संबंधित शाखांसाठी भौतिक-गणित-संगणक असा तिसरा ऐच्छिक गट ठेवावा. त्यात व्याख्या नकोत. प्रोग्रॅम देऊन त्याचे उत्तर काय येईल, चूक कुठे आहे, कमी पायऱ्यांत हे कसे होईल, एवढेच विचारावे. शाळेने दिलेले प्रात्यक्षिकाचे गुण मात्र यादीत धरू नयेत.

पेठ-सुरगाण्याच्या मुलांचे काय, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. चांगली प्रयोगशाळा असलेल्या शहरी महाविद्यालयांचाच फायदा होईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच गट ऐच्छिक हवा आणि प्रश्न असे हवेत, जे वही-पेन्सिलीनेही शिकता येतील. आजची यादी तरी कुठे समान आहे? रसायनाच्या क्लासची फी नाशिकला खोली घेऊन राहणाऱ्या मुलालाच जास्त जड जाते.

आणि मराठी? संगणक घेणाऱ्याने भाषा सोडलीच पाहिजे, ही अट आधी काढावी. प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे अचूक वाक्य लिहिणे. त्याचा सराव भाषेच्या तासाला होतो.

भाचीने शेवटी नाशिकबाहेर दुसऱ्या शाखेत प्रवेश घेतला. बारावीचे मराठीचे पुस्तक तिने माझ्याकडून मागून नेले आहे. ते तिला कोणत्याही यादीसाठी नको आहे.