‘कोर्ट’मधला साहेब कुठे बसतो?

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तो २०१५च्या एप्रिलमध्ये, थिएटरात. तेव्हा कॉलेजात होतो. सरकारी वकीलबाई न्यायालयात १८७६चा कायदा वाचून दाखवायला लागल्या आणि थिएटरात हशा पिकला. मीही हसलो. गेल्या महिन्यात तोच सिनेमा मोबाइलवर, इअरफोन लावून, एकट्यानं पाहिला. त्या जागी हसू आलं नाही. असं का झालं, ते शोधताना हा लेख लिहिला गेला.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नारायण कांबळे (वीरा साथीदार) हा मुंबईतला वयस्कर शाहीर. वस्तीत त्याचा कार्यक्रम चालू असताना पोलीस येतात आणि त्याला घेऊन जातात. आरोप काय, तर त्याच्या एका गाण्यात गटार साफ करणाऱ्यांनी गटारात उडी घेऊन मरावं असं म्हटलं होतं, ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये जीव दिला. म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तारखा.

हा खटला ऐकायला हास्यास्पद वाटतो. पण त्यामागचा विचार १८७६च्या त्या कायद्यात शब्दश: सापडतो, म्हणून आधी त्याची गोष्ट.

१८७५-७६च्या हिवाळ्यात इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. कलकत्त्यातल्या एका बड्या वकिलानं त्याला घरी बोलावलं आणि थेट अंत:पुरात नेऊन घरातल्या स्त्रियांच्या हातून त्याचं स्वागत केलं. शहरात चर्चा झाली, त्यावर बंगाली रंगभूमीवर प्रहसन आलं. सरकार चिडलं. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकनं आधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग कायदा झाला. एखादं नाटक बदनामीकारक आहे, लोकांना बिघडवणारं आहे किंवा सरकारविषयी अप्रीती निर्माण करू शकेल, असं सरकारचं ‘मत’ झालं की बंदी घालता येईल, अशी त्यात सोय होती. लक्षात घ्या, नाटक पाहून कुणी काही केलं हे दाखवायची गरज नव्हती. कुणीतरी काहीतरी करेल असं साहेबाला वाटलं, एवढं पुरे होतं.

या कायद्यात प्रेक्षकाचं एक चित्र दडलेलं आहे. प्रेक्षक म्हणजे वाळलेलं गवत, शब्द म्हणजे ठिणगी. मध्ये विचार करणारा माणूस कुठेच नाही. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. १९१०मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. म्हणजे प्रेक्षकाला रूपक कळतं, हे सरकारला मान्य होतं. त्याच्या बुद्धीबद्दल शंका नव्हती, संयमाबद्दल होती.

साम्राज्याच्या दृष्टीनं यात विसंगती काहीच नाही. प्रजेनं निवडलेलं सरकार नव्हतंच ते. प्रजेचं मत विचारायचं नसेल तर प्रजेच्या कानावर काय पडतं यावर पहारा ठेवणं ओघानंच आलं. अडचण लोकशाहीत होते. ज्या माणसाच्या मतावर सरकार बनतं, त्या माणसाला एक गाणं ऐकून आपलं काय करायचं ते कळत नाही, असं तेच सरकार न्यायालयात सांगतं. वासुदेव पवार मतदार म्हणून शहाणा आणि श्रोता म्हणून अजाण! ‘कोर्ट’ ही विसंगती कुणाच्याही तोंडी न घालता दाखवतो, आणि मला वाटतं हेच त्याचं सगळ्यात मोठं यश आहे.

वासुदेवच्या बायकोची साक्ष आठवा. सिनेमातला माझ्या मते सर्वोत्तम प्रसंग. ती सावकाश, रडारड न करता उत्तरं देते. नवऱ्यानं कधी मरणाची भाषा केली नव्हती. गटारात उतरण्याआधी आत झुरळं दिसतात का ते तो बघायचा. झुरळ जिवंत असेल तर आत हवा आहे. मास्क नाही, इतर काही साधन नाही. वासानं काम करवत नाही म्हणून दारू. एक डोळा आधीच गेलेला. त्या पाच मिनिटांत आपल्याला कळतं की माणूस कशानं मेला. पण न्यायालयापुढचा प्रश्नच वेगळा आहे: गाणं कुणी म्हटलं? हातानं मैला साफ करून घेण्यावर आणि साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३मध्ये झाला. तो या खटल्यात केंद्रस्थानी यायला हवा होता. यंत्रणेला मात्र बोलणाऱ्याला शोधण्याचा सराव आहे, उतरवणाऱ्याला शोधण्याचा नाही. हा सराव जुना आहे.

भाषेचंही तसंच. न्या. सदावर्ते साक्षीदाराचं बोलणं ऐकतात आणि त्याचा इंग्रजी सारांश टंकलेखकाला सांगतात. कागदावर उरतो तो सारांश. हे पाहताना १९०८चा टिळकांचा खटला आठवल्याशिवाय राहत नाही. ‘केसरी’तले लेख मराठी, पण खटला चालला तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. भाषांतर चुकीचं आहे, शब्दांच्या छटा बदलल्या आहेत, हे टिळक आपल्या दीर्घ भाषणात पुन:पुन्हा सांगत राहिले. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. शंभर वर्षांनंतरच्या सिनेमात ज्यूरी नाही. तरी गटारात मेलेल्या माणसाच्या बायकोचं बोलणं आधी दुसऱ्या भाषेत जातं आणि मग पुरावा होतं.

इथपर्यंत ‘कोर्ट’वर लिहिणाऱ्या बहुतेकांशी माझं जमतं. बिनसतं ते पुढे. ‘इंग्रज गेले, कायदे ठेवून गेले’ असा या सिनेमाचा अर्थ सर्रास लावला जातो. तो अर्थ सोयीचा आहे, कारण त्यात दोष मेलेल्यांचा असतो. थिएटरातला आमचा हशाही त्याच जातीचा होता. बघा, किती जुना कायदा! जणू नवा असता तर चाललं असतं.

पण सिनेमाच हा अर्थ खोडून काढतो. कांबळेला जामीन मिळतो आणि तो पुन्हा पकडला जातो. या वेळी लागतो तो यूएपीए. हा कायदा १९६७चा, आपल्या संसदेनं केलेला. नाटकांचं म्हणाल तर केंद्रानं १८७६चा कायदा २०१८च्या सुरुवातीला रद्द केला. महाराष्ट्रात मात्र नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासण्याची व्यवस्था १९५१च्या मुंबई पोलीस कायद्याच्या आधारानं उभी राहिली. म्हणजे राज्यघटना लागू झाल्यावर वर्षभरानं! ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा समोर कुणी नॉर्थब्रुक नव्हता. १ जुलै २०२४पासून १८६०ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ‘राजद्रोह’ हा शब्द गेला, पण देशाची एकता धोक्यात आणणाऱ्या बोलण्या-लिहिण्यासाठी कलम १५२ आलं.

मग चिथावणीला कायदाच नको का, असं तुम्ही विचाराल. हवा. १९६२च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रेघ ओढलेली आहे: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याकडे कल असेल तर गुन्हा, नुसती सरकारवरची कडक टीका असेल तर नाही. प्रश्न असा की रेघ माहीत असूनही पाय जुन्या वाटेनं का जातात. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत याचा इशारा दिला होता. भारतातली लोकशाही हा मुळात लोकशाही नसलेल्या जमिनीवरचा वरचा थर आहे, अशा अर्थाचं ते बोलले होते. साम्राज्याची संशयी नजर इथे टिकली, कारण तिला मानवणारी जमीन इथे आधीच होती. कुणी बोलायचं आणि कुणी ऐकून घ्यायचं, हे आपल्याकडे जातीनं कधीच ठरवून टाकलं होतं. आरोपी दलित शाहीर आणि मेलेला गटारकामगार असणं हा कथेतला योगायोग नव्हे.

म्हणून मला यातली नूतन (गीतांजली कुलकर्णी) फार महत्त्वाची वाटते. ती खलनायिका नाही. लोकलनं घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते. या आरोपीला एकदाची शिक्षा होऊन प्रकरण संपावं, असं ती सहकाऱ्यांशी सहज बोलते. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. त्या नाटकात मराठी घरात आलेल्या परप्रांतीय तरुणाला हाकलून लावलं जातं आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं. १८७६चा कायदा वाचणारी बाई तिथे खुशीत हसते. या नाटकानं कुणी भडकेल असं कुणालाच वाटत नाही. वाळलेलं गवत नेहमी दुसऱ्याच वस्तीत असतं.

सिनेमाबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या घरा-सुट्टीपर्यंत शिरणारा कॅमेरा, सुरुवातीची शिकवणी सोडली तर, कांबळेपासून लांबच राहतो. यंत्रणा माणसांनी भरलेली दिसते, आरोपी मात्र जवळपास प्रतीक होतो. दुसरी तक्रार ‘गोयमारी’ पंथाची. न्यायालयात त्यांच्याविषयी बोलल्याबद्दल बचावाच्या वकिलाला काळं फासलं जातं. पंथ काल्पनिक आहे. बंदीबद्दलच्या सिनेमालाही खऱ्या गटाचं नाव घेता आलं नाही किंवा घ्यावंसं वाटलं नाही. आधी मला हा भित्रेपणा वाटला होता. आता तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

कारण कॉलेजात आम्ही पाण्याच्या टँकरवर एक एकांकिका केली होती. स्पर्धेसाठी संहिता प्रमाणपत्राला पाठवायची होती. आदल्या रात्री कँटीनमध्ये बसून आम्ही तिच्यातल्या तीन ओळी खोडल्या. टँकर आधी कुणाच्या बंगल्यावर जातो, हे ड्रायव्हरच्या तोंडी होतं. आम्हाला कुणीही तसं सांगितलं नव्हतं. पुढे कुणी हरकतही घेतली नाही, घेण्यासारखं काही आम्ही शिल्लकच ठेवलं नव्हतं. ‘उगाच कशाला?’ एवढंच आमच्यात कुणीतरी म्हणालं होतं. बहुतेक मीच.

‘कोर्ट’मध्ये न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, एकेक दिवा बंद होतो आणि कॅमेरा त्या अंधाऱ्या खोलीत थांबून राहतो. सिनेमा इथेच संपणार असं वाटतं. संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला जातात, बाकावर डुलकी घेतात, झोपमोड करणाऱ्या मुलाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. थिएटरात मला हा शेवट उगाच जोडलेला वाटला होता. मोबाइलवर पाहताना त्या काळोख्या पडद्यावर थोडा वेळ माझाच चेहरा दिसत होता. त्या एकांकिकेची फाइल अजून माझ्या मेलमध्ये आहे. त्या तीन ओळी तिच्यात नाहीत, आणि खूप आठवूनही त्यातली एकच आठवते.