बाटल्या आधी मोजा, मजले नंतर

आमच्या सोलापूर जिल्ह्यात स्प्रिंकलर म्हटले की डोळ्यांपुढे येते ते हरभऱ्याच्या रानातले फिरते नोझल. कॉक उघडला की सगळी नोझल एकदम पाणी फेकू लागतात. इमारतीच्या छतातला स्प्रिंकलरही असाच असतो, अशी समजूत चित्रपटांनी पक्की करून ठेवली आहे. प्रत्यक्षात छतातल्या प्रत्येक तोटीच्या तोंडाशी द्रव भरलेली एक लहानशी काचेची कुपी असते. द्रव तापून प्रसरण पावतो आणि कुपी फुटते. लाल द्रवाची कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. पाणी सुटते ते तेवढ्याच तोटीतून. शेजारची तोटी तापली नसेल तर ती बंदच राहते. ‘एक काडी पेटली की सगळी उपकरणे भिजतील’ ही प्राध्यापक मंडळींची तक्रार म्हणूनच निराधार आहे.

माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. ते कोठे आणि कसे बसवायचे हे ठरवणाऱ्या नियमांबद्दल आहे.

भारताच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे. त्यात इमारतींचे गट त्यांच्या वापरावरून पाडले आहेत. व्यावसायिक इमारतींच्या एका उपगटात प्रयोगशाळा, संशोधनसंस्था आणि चाचणीगृहे यांच्या शेजारी ग्रंथालये बसवली आहेत! ग्रंथालयात जळण्याजोगे पुष्कळ असते हे खरे, पण पुस्तक पेट घ्यायला वेळ लावते. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलावरून ओघळत जाते, लांबवरच्या बर्नरपाशी पोचते आणि ज्योत मागे बाटलीपर्यंत येते. महाविद्यालयातली प्रयोगशाळा तर बहुधा शैक्षणिक इमारतीचाच भाग धरली जाते. अशा इमारतींना स्प्रिंकलर सक्तीचे होतात ते मुख्यतः उंचीमुळे. १५ मीटरची रेघ ओलांडली की इमारत उंच ठरते. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये दोन-तीन मजली. म्हणजे ॲसिटोन, बेन्झीन आणि पेट्रोलियम ईथर तळमजल्यावर असले की जणू ते जळतच नाहीत.

इमारत उंच असेल तर सुटका अवघड होते, हा उंचीमागचा विचार चुकीचा नाही. पण तो पळणाऱ्या माणसाचा विचार आहे. पेटणाऱ्या वस्तूचा विचार त्यात अर्धवट राहतो. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेची ४५ क्रमांकाची संहिता खास रासायनिक प्रयोगशाळांसाठी आहे. ती उलट्या टोकाने सुरुवात करते. तिच्या परिचित कोष्टकात सर्वांत ज्वालाग्राही द्रव दर ९.३ चौरस मीटरमागे किती, यावरून प्रयोगशाळेचे चार वर्ग पडतात. सुरक्षित कपाटाबाहेर ‘अ’ वर्गाला सुमारे ३८ लिटर चालतात, ‘ड’ वर्गाला फक्त ४. वरच्या दोन वर्गांना स्प्रिंकलरचे पाणी अधिक, खालच्या दोघांना कमी.

पाण्याचा हिशेब वर्गात सोडवून घेण्याजोगा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. स्प्रिंकलरची रचनाही अशीच, मिनिटाला किती मिलिमीटर, या मापात करतात. भारताच्या २००२ सालच्या आयएस १५१०५ या मानकात हलक्या धोक्यासाठी मिनिटाला २.२५ मिलिमीटर आणि ८४ चौरस मीटर क्षेत्र धरले होते; गुणाकार १८९ लिटर. मध्यम धोक्याला ५ मिलिमीटर आणि ३६० चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला १,८०० लिटर. कागदावरचा एक शब्द बदलला की पंप आणि टाकी जवळजवळ दसपट होते. तासभर पुरवायचे तर १,०८,००० लिटर साठा हवा. मिनिटाला ५ मिलिमीटर म्हणजे तासाला ३००. सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याच्या आसपास. ज्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, तेथे हा आकडा ऐकून संस्थाचालक ‘हलका’ हाच शब्द निवडतील, यात नवल नाही.

पण पाणी वाचवण्यासाठीही स्प्रिंकलरच बरा. मध्यम धोक्यात एक तोटी फार तर १२ चौरस मीटर सांभाळते. मिनिटाला सुमारे ६० लिटर. आग लहान असतानाच दोन-तीन तोट्यांनी ती दाबली तर बंबाच्या पाण्याच्या मानाने खर्च नगण्य. उशीर झाल्यावर काय होते ते १८ मे २०२५ रोजी आम्ही पाहिले. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसे गेली. तेथे कापूस आणि सूत होते. प्रयोगशाळेतही हे घडते: २९ डिसेंबर २००९ रोजी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या एका प्रयोगशाळेत आगीने दोन तरुण संशोधकांचा बळी घेतला.

अमेरिकी संहिताही जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. तिचा सगळा डोलारा नोंदवहीवर उभा आहे, आणि आपल्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात साठा किती फुगतो हे शिक्षकांना सांगायला नको. शिवाय पाण्यावर तरंगणारा पेटता द्रव पाण्याने विझेलच असे नाही. स्प्रिंकलर तेथे छत आणि शेजारची कपाटे थंड ठेवतो, माणसांना बाहेर पडायला वेळ देतो. सोडियम तोटीखाली ठेवू नये हे तर उघडच आहे. आणि तोटीखाली सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी हवी. कपाटावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छताला भिडले असतील तर फवारा पसरणार कसा?

महाराष्ट्राच्या २००६ सालच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार बसवलेली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्याच दिवशी बाटल्याही मोजता येतील. दहा मीटर बाय आठ मीटरच्या खोलीला ‘ड’ वर्गाच्या हिशेबाने सुमारे ३४ लिटर चालतात. एका महाविद्यालयात मी परीक्षक म्हणून गेलो असता सहज मोजायला बसलो. ३४ चा आकडा पहिल्याच कपाटापाशी ओलांडला. मागच्या फळीवर सात बाटल्या अशा निघाल्या, की त्यांवरची चिठ्ठी कोणालाच वाचता येईना.