खडबडीतपणाचा पत्ता

हल्ली सिरॅमिकच्या प्रदर्शनांत भांड्याशेजारी एक चिठ्ठी हमखास असते: अमुक किनाऱ्यावरची वाळू, तमुक डोंगरातला दगड. भांडं एखाद्या खडकासारखं असतं आणि त्याची झिलई, म्हणजे ग्लेझ, फोड येऊन जागोजागी फुटलेली असते. आपण चिठ्ठी वाचतो, पुन्हा भांड्याकडे बघतो आणि आता त्यात तो किनारा दिसायला लागतो. माझा प्रश्न साधा आहे. तो किनारा भांड्यात आहे की चिठ्ठीत?

कतीफमध्ये राहून हा प्रश्न टाळता येत नाही. झिलईला लागणारं बरंचसं इथे पायाखालीच असतं. वाळूत सिलिका आहे. नुसती सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर तापमान लागतं आणि आपली भट्टी १२५० च्या आसपास थांबते. म्हणून सोबत खजुराच्या झावळ्यांची राख आणि शिंपल्यांची पूड घालायची. त्यांतले क्षार आणि कॅल्शियम सिलिकेला लवकर वितळवतात. हे सगळं थोड्या मातीबरोबर बारीक कुटून, चाळून मी काही तुकडे भाजले. तपकिरी-हिरवट, तकतकीत काच तयार झाली. सुंदर होती, पण तिच्यात कतीफ कुठेच दिसत नव्हतं. एकदा पूर्ण वितळल्यावर शिंपल्यातलं कॅल्शियम कुठलं आणि दुकानातल्या पोत्यातलं कुठलं, हे डोळ्याला कळत नाही.

मग चाळणी बाजूला ठेवली. पुण्याहून आणलेली खडी-क्रशरवरची कच घेतली. बेसाल्टमध्ये साधारण निम्मी सिलिका आणि भरपूर लोह असतं. तो पिठासारखा दळला तर याच तापमानाला वितळून काळपट तपकिरी झिलई देतो. जाडाभरडा ठेवला तर दाण्यांच्या कडा विरघळतात आणि मधला दगड तसाच उभा राहतो. वाळूचंही तेच. वस्तूचं गाव टिकतं ते ती जिथे वितळली नाही तिथेच. म्हणून खडबडीत झिलईने गावाचं नाव सांगितलं तर ते मी ऐकून घेईन, गुळगुळीत झिलईने सांगितलं तर चिठ्ठीवर शंका घेईन.

या खडबडीतपणाची किंमतही मोजावी लागते. शिंपल्याचे मोठे तुकडे भट्टीत भाजून चुनकळी होतात. चुनकळीवर पाणी टाकलं की काय होतं, हे घराला चुना लावताना पाहिलेल्यांना सांगायला नको. इथल्या दमट हवेत ते तुकडे ओल शोषून फुगले आणि त्यांनी झिलईचे टवके उडवले. अशा भांड्यात कुणाला जेवायला वाढू नये.

खडबडीतपणा गावाचं नाव न घेताही खरा असू शकतो. लुसी री आणि गेरट्रूड व ओटो नाट्झलर हे तिघेही १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून गेले. री लंडनला गेल्या, नाट्झलर दांपत्य लॉस एंजेलिसला. ज्वालामुखीच्या मुखासारख्या खड्ड्यांची भांडी दोन्हीकडे घडली. री झिलईत सिलिकॉन कार्बाइड घालत. कारखान्यात बनणारी ही पूड आपल्याकडे धार लावायच्या दगडातही असते. भट्टीत तिच्यातून वायू सुटतो, बुडबुडे फुटतात आणि खड्डे तसेच गोठतात. त्या खड्ड्यांना व्हिएन्नाचं नाव द्यायची गरज त्यांना पडली नाही. गाव सुटलेल्यांचा हा संयम मला आजच्या कित्येक चिठ्ठ्यांपेक्षा मोठा वाटतो.

यावर कुणी म्हणेल की वितळलेल्या वस्तूतही मूळ गावाची खूण उरते. बरोबर आहे. कतीफच्या उत्तरेला, जुबैलजवळ दोसारिया इथे सुमारे ७००० वर्षांपूर्वीची उबैद काळातली नक्षीदार खापरं सापडली. १९७७ साली जोन ओट्स आणि सहकाऱ्यांनी या किनाऱ्यावरच्या अशा खापरांचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांची माती दक्षिण इराककडची निघाली. त्यांच्या सोबत सापडलेली जाड, लाल, खरबरीत खापरं मात्र इथलीच मानली जातात. पण हे ओळखायला प्रयोगशाळा लागते, आणि प्रदर्शनात आपण येतो ते डोळे आणि बोटं घेऊन. मातीची कला त्यांच्यासाठीच असते.

माझे तुकडे मी एका मराठी स्नेह्याला चिठ्ठीशिवाय दिले. बेसाल्टच्या तुकड्यावर अंगठा फिरवून तो म्हणाला, "हा आपला काळा दगड दिसतोय." शेजारी ठेवलेली कतीफची वाळू त्याला ओळखता आली नाही, आणि खरं सांगायचं तर चिठ्ठीशिवाय मलाही ओळखता आली नसती. म्हणजे गाव नुसतं दाण्यात असून भागत नाही, ते ओळखणारा हातही लागतो. इथेच वाढलेल्या कुणाच्या तरी हातात तो तुकडा द्यायचा अजून बाकी आहे.