योहानकृत शुभवर्तमानातील ‘मोने’ : निवासाची जागा की निवास?

प्रस्तावना : अनुवादात एका मूळ शब्दाला दोन प्रतिशब्द दिले गेले, की अर्थाचा धागा कसा तुटतो, याचे उदाहरण म्हणून प्रस्तुत लेखात ‘मोने’ या ग्रीक शब्दाचा विचार केला आहे. हा शब्द नव्या करारात केवळ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा योहानाच्या १४ व्या अध्यायातच येतो (१४:२ व १४:२३).

विवेचन : ‘राहणे’, ‘टिकून असणे’ या अर्थाच्या ‘मेनो’ या क्रियापदापासून ‘मोने’ हे नाम बनले आहे. त्यामुळे राहण्याची क्रिया आणि राहण्याचे स्थान असे दोन्ही अर्थ त्यात सामावतात. लॅटिन अनुवादाने दोन्ही ठिकाणी ‘मान्सिओ’ हा एकच शब्द ठेवला. १६११ च्या इंग्रजी अनुवादात मात्र पहिल्या ठिकाणी ‘मॅन्शन्स’ व दुसऱ्या ठिकाणी ‘अबोड’ आले. पुढे ‘मॅन्शन’चा अर्थ ‘प्रासाद’ असा झाल्याने स्वर्गातील भव्य वाड्यांची कल्पना रूढ झाली. मूळ शब्दात अशी भव्यता नाही. प्रचलित मराठी अनुवादातही पहिल्या ठिकाणी ‘जागा’ व दुसऱ्या ठिकाणी ‘वस्ती’ असे शब्द आढळतात. पहिल्या वचनात ‘पित्याच्या घरा’चा उल्लेख असल्याने स्थानवाचक शब्द अनुवादकांना स्वाभाविक वाटला असावा, परंतु त्यामुळे दोन वचनांचा परस्परसंबंध मराठी वाचकाला जाणवत नाही.

वस्तुतः हा संबंधच अध्यायाचा कणा आहे. आरंभी मनुष्याला पित्यापाशी निवास मिळेल असे आश्वासन आहे. पुढे पिता व पुत्रच प्रेम करणाऱ्या मनुष्यापाशी येऊन निवास करतील असे म्हटले आहे. मधल्या १० व्या व १७ व्या वचनांत ‘मेनो’ हेच क्रियापद अनुक्रमे पिता व आत्मा यांच्यासाठी येते. म्हणजेच निवासाची दिशा येथे उलटते : मरणोत्तर स्थानाचे आश्वासन वर्तमान सहवासापर्यंत येऊन पोहोचते. ओरिजेनसारख्या प्राचीन भाष्यकाराने या शब्दात आत्म्याच्या ऊर्ध्वगामी प्रवासातील टप्पे पाहिले. तो अर्थ घेतल्यास मराठीत ‘मुक्काम’ शोभेल. परंतु मुक्काम हलतो आणि ‘मेनो’मध्ये टिकून राहण्यावर भर आहे.

निष्कर्ष : दोन्ही वचनांत ‘निवास’ हा एकच शब्द योजणे अधिक युक्त ठरेल. तो स्थान व क्रिया दोहोंचा वाचक आहे. अंत्यविधीच्या प्रसंगी हा अध्याय अनेकदा वाचला जातो. त्या वेळी ऐकणाऱ्याला केवळ दूरच्या घराचे नव्हे, तर आपल्याच घरी येणाऱ्या सोबतीचेही सांत्वन मिळावे, हे मूळ संहितेला धरूनच आहे.