मढ्यापाशी उभी राहिलेली माणसं

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ या एका वाक्यावर आपण प्रस्थापितांची निम्मी समीक्षा मोडीत काढली. बरोबरच केलं. पण स्वानुभव की सहानुभूती हा वाद आपण कवितेपुरता, कथेपुरता, आत्मकथनापुरता घातला. चित्राकडे फारसं कुणी वळलंच नाही. चित्र म्हणजे आपल्याकडे काय? जयंतीच्या मंडपाचा पडदा, मोर्च्याचा फलक, अंकाचं मुखपृष्ठ. रंगवणाऱ्या पोराला आपण सांगतो, उद्या सकाळपर्यंत पाहिजे. तो बिचारा एक फोटो समोर ठेवतो, चौकोन आखतो, मोठा करतो. कच्चं चित्र किती वेळा काढायचं, कुठल्या टप्प्यावर फाडायचं, का फाडायचं, याचा विचार करायला त्याला एक रात्र कुठून पुरणार? म्हणून मी इथं एका बाईच्या एकाच चित्राबद्दल लिहितोय. ते पुरं करायला तिला जवळजवळ दोन वर्षं लागली.

केथे कोलविट्झ. जर्मन. जन्म १८६७. नवरा डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत त्याचा दवाखाना. तिथं येणाऱ्या बाया, त्यांची पोरं, त्यांचे वाकलेले पाठकणे हे तिचं रोजचं बघणं. पण बाई स्वतः मजूर नव्हती. उलट म्हातारपणी तिनं लिहून ठेवलंय की सुरुवातीला आपण कामगार काढले ते त्यांची कीव आली म्हणून नव्हे, ते सुंदर दिसले म्हणून. कळवळा मागाहून आला. हे वाचून आपल्यातला एखादा उसळेल. मला मात्र ही कबुली हजार कळवळ्यांपेक्षा बरी वाटते. आमच्याकडं वाडा सोडून झोपडपट्टीत ‘विषय’ शोधायला येणारे एवढं तरी खरं बोलतात का? असो. विणकरांच्या उठावावरची तिची सहा चित्रांची मालिका १८९८ साली बर्लिनच्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी पदक सुचवलं, कैसरनं ते देऊ दिलं नाही. एवढं तिच्या नावावर आधीच जमा होतं.

आता १९१९. महायुद्ध हरलेला जर्मनी. १५ जानेवारीला बर्लिनमध्ये कार्ल लीबक्नेश्त आणि रोझा लक्झेंबर्ग यांचे खून पडले. सरकार समाजवादी म्हणवणाऱ्यांचं, आणि मारणारे त्याच सरकारनं उठाव चिरडायला आणलेले सैनिक. चार दिवसांनी, १९ जानेवारीला, जर्मन बायकांनी पहिल्यांदा राष्ट्रीय निवडणुकीत मत दिलं. कोलविट्झनं मत दिलं ते याच सरकारी समाजवाद्यांना. लीबक्नेश्तच्या पक्षाची ती नव्हती. तरी त्याच्या घरच्यांनी तिला बोलावलं, आणि २५ जानेवारीला, दफनाच्या दिवशी सकाळी, ती शवागारात जाऊन बसली. गोळीनं फुटलेल्या कपाळाभोवती लाल फुलं ठेवलेली. तिनं चेहरा काढला. परत काढला. बाजूनं काढला.

ही झाली कच्ची चित्रं. बघणाऱ्याला वाटेल, काम झालंच की! हुतात्म्याचा चेहरा मिळाला, आता मोठा करा, खाली नाव घाला. आपल्याकडं हेच झालं असतं. पण चेहरा मिळाल्यावरच तिची खरी अडचण सुरू झाली. त्या कागदांवर फक्त एक मेलेला माणूस होता. त्याला निरोप द्यायला लोटलेले हजारो कामगार कुठं होते?

मग तिनं माणसं आणली. मढ्यावर वाकलेली, एकमेकांना रेटणारी. आधी एचिंग करून पाहिलं. म्हणजे पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं रेघ ओढायची आणि पत्रा ॲसिडात बुडवायचा. जिथं रेघ तिथं ॲसिड खातं आणि त्या खाचेत शाई भरते. या तंत्रात तिचा हात पक्का होता, नाव त्यावरच झालेलं. तरी जमेना. टाकून दिलं. मग शिळाप्रेस. दगडावर तेलकट खडूनं काढायचं, म्हणजे जवळजवळ कागदावर काढल्यासारखंच. तेही टाकलं. जून १९२० मध्ये तिनं एर्न्स्ट बारलाख या शिल्पकाराची लाकडी ठशांची चित्रं पाहिली, आणि पन्नाशी ओलांडलेल्या या नावाजलेल्या बाईनं नव्यानं हत्यार हातात घेतलं. लाकूड कोरायला बसली.

लाकडानं असं काय दिलं? ज्यांनी या अंकाचं स्टेन्सिल कापलंय त्यांना हे चटकन कळेल. स्टेन्सिलवर आपण जिथं टोचतो तिथून शाई उतरते. लाकडात नेमकं उलटं. जे कोरून काढाल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. कोरी फळी छापली तर सगळा अंधार. त्या अंधारातून एकेक गाल, एकेक बोट उकरून उजेडात आणायचं. खडूनं दुःख गोंजारता येतं, बोटानं पुसून मऊ करता येतं. लाकडात पुसणं नाही. कोरलं ते गेलं. कच्च्या चित्रात जी कणव होती, चेहऱ्यावरच्या हळुवार सावल्या होत्या, त्या सगळ्या पटाशीनं छाटल्या गेल्या. माझ्या मते हे चित्र तिथंच सहानुभूतीच्या बाहेर पडलं.

आता पुरं झालेलं चित्र बघा. मढं खाली आडवं, पांढऱ्या कापडात. वरचा सगळा भाग माणसांनी भरलेला. एक माणूस पार वाकलाय आणि त्याचा भला मोठा पंजा मेलेल्याच्या छातीवर टेकलाय. मागं डोकी, डोक्यांच्या मागं डोकी. एक बाई कडेवरच्या पोरासकट बघतेय. शवागारात जिच्यासाठी बसली तो चेहरा आता चित्राचा मालक राहिलेला नाही, मालकी उभ्या असलेल्यांकडं गेलीय. खाली अक्षरं कोरलीत : जिवंतांकडून मेलेल्याला, १५ जानेवारी १९१९ ची आठवण. फ्रायलिग्राथ नावाच्या कवीच्या १८४८ सालच्या कवितेचं नाव होतं ‘मेलेल्यांकडून जिवंतांना’. बाईनं ते उलटं केलं.

माझी एक तक्रार आहे. ही मांडणी चर्चमधून आलेली आहे. क्रुसावरून उतरवलेला येशू आणि भोवती रडणारे भक्त, हा युरोपचा शेकडो वर्षांचा साचा. देव न मानणाऱ्या कामगार पुढाऱ्यालाही त्याच चौकटीत निजवावं लागलं. जुना धर्म असा चित्राच्या मागल्या दारानं येतो. आपण हसायचं कारण नाही. बाबासाहेबांच्या डोक्यामागं तेजोवलय काढणारे आपल्यातच आहेत.

आणि हक्काचं काय? हा प्रश्न तिलाही पडला होता. १९२० साली रोजनिशीत तिनं लिहिलं की लीबक्नेश्तचं राजकारण न मानताही कामगारांनी त्याला दिलेला निरोप चित्रित करायचा कलावंत म्हणून मला हक्क आहे. आणि लगेच स्वतःलाच विचारलं, की नाही? मी याला अर्धं होय म्हणतो. राजकारणाबाहेर उभं राहून ‘कलावंत म्हणून’ हक्क सांगणं ही पांढरपेशांची जुनी पळवाट आहे, ती मला मान्य नाही. पण शोक तिचा उसना नव्हता. १९०३ साली सात वर्षांच्या पीटरला मांडीवर घेऊन, आरशात बघून, तिनं मेलेल्या पोराला कवटाळणारी आई काढली होती. तोच पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये लढाईत मेला. म्हणजे छातीवर टेकलेला तो पंजा कसा टेकतो हे तिला माहीत होतं. वर्ग तिचा नव्हता, मरण तिचं होतं. स्वानुभव हा जन्मदाखल्यासारखा एकगठ्ठा मिळत नाही, तो असा तुकड्यातुकड्यानं येतो. आणि उलट बाजूही बोलली पाहिजे. आपल्या वस्तीत जन्मला म्हणून त्याची पहिलीच रेघ खरी, असंही नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य काढला, त्यांचीही एचिंग आहेत. त्या रेघेतला संताप जन्मानं दिला असेल. पत्र्यावर ती रेघ उमटवायला हात घासावाच लागला.

७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर जो जनसागर लोटला त्याचे फोटो आहेत, गाणी आहेत, म्हाताऱ्यांच्या तोंडी आठवणी आहेत. चित्रं मात्र आपण काढली ती बहुतेक एकट्या बाबासाहेबांची. निळा कोट, हातात पुस्तक, वर केलेलं बोट. ती काढू नका असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी त्यांना खांदा दिला, रात्रभर रांगेत उभं राहून ज्यांनी ते मुख पाहिलं, ती माणसं कागदावर कुठं आहेत? दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग लागते. तिथं फलक घेऊन जाणारी आपली चित्रकार पोरं या खेपेला एक वही आणि दोन पेन्सिली घेऊन जाऊ देत. फलकाचं दुसऱ्या कुणाला तरी सांगू. रात्री दोन वाजता शिवाजी पार्कावर गाठोड्याला डोकं टेकून झोपलेल्या बाईचा नुसता हात काढायचा. दहा वेळा काढायचा.